लिहायचं, पण कुणासाठी?

सातवीतल्या मुलाची निबंधाची वही उघडली, की 'पावसाळ्यातील एक दिवस' हमखास सापडतो. आभाळात काळे ढग दाटतात, मोर पिसारा फुलवतो, धरणी हिरवा शालू नेसते, ओढे दुथडी भरून वाहतात. हे सगळं सोलापुरात बसून लिहिलेलं असतं. इथला जुलै कितीतरी वर्षं कोरडाच सरतो, माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात आणि खरा पाऊस येतो तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला. मुलाला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. पेरणी खोळंबली म्हणून शहरात कामाला आलेले काका त्यानं पाहिलेले असतात. हस्ताची पहिली सर पडल्यावर काळ्या रानाचा येणारा वास त्याच्या ओळखीचा असतो. तरीही वहीत उतरतो तो गाइडमधला पाऊस.

या मुलाला लिहिता येत नाही, असा शेरा आपण मारून मोकळे होतो. खरं तर त्याला अक्षर येतं, वाक्य येतं, बघताही येतं. आपण लिहिलेलं वाचायला कुणीतरी उत्सुक आहे, हा अनुभव मात्र त्याला कधी मिळालेला नसतो. त्याचा वाचक एकच, वही तपासणारे शिक्षक. त्यांना काय आवडतं हे त्यानं चौथीपासून ओळखलेलं असतं, आणि तो इमानेइतबारे तेच देत राहतो.

सहावी ते आठवी, म्हणजे अकरा ते चौदा हे वय लेखनाचे वेगवेगळे प्रकार हाताळून बघायचं आहे. मुलाला आता स्वतःपलीकडचं जग दिसू लागतं, माणसांच्या वागण्यातली विसंगती खटकू लागते, मनात काही गुपितं साठू लागतात. त्याला या वयात मदत कशी करायची, या प्रश्नाचा हा आढावा आहे. त्यामागचं माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक लेखनप्रकार कुणाला तरी काही सांगायच्या गरजेतून घडला आहे. पत्राला पत्ता असतो, अर्जाला अधिकारी, बातमीला गावकरी, गोष्टीला ऐकणारे कान, आणि रोजनिशीला आपणच. प्रकार शिकवायचा असेल तर त्या प्रकाराचा वाचक मुलाच्या समोर आणून बसवावा लागतो. साचा नंतर आपोआप समजतो.

चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

शाळकरी मुलीनं लिहिलेला एक मराठी निबंध १७० वर्षांनंतरही छापला जातो, अभ्यासला जातो. तो मुक्ता साळवे हिचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली ही मुलगी निबंध लिहिताना चौदा वर्षांची होती आणि शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला.

आज ती आठवीच्या वर्गात बसली असती. तिनं विचारलेले प्रश्न मात्र मोठ्यांना पेलवत नव्हते. ज्यांना वेद वाचायचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हे ती विचारते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती सांगते. ज्यांनी दूर लोटलं त्यांना ती जाब विचारते आणि आपल्या माणसांना शिका म्हणून विनवते. दोन वाचक, दोन सूर, आणि दोन्ही एकाच निबंधात. तिला कुणी 'वैचारिक निबंधाचे मुद्दे' फळ्यावर लिहून दिले असते तर हे घडलं नसतं. तिला विषय होता, वाचक होते आणि 'तू लिही, आम्ही वाचू' असं म्हणणारी शाळा होती. या वयाच्या मुलांना विचारप्रधान लेखन झेपत नाही, ही आपली समजूत मराठीतल्या या सुरुवातीच्या उदाहरणानंच खोटी ठरवलेली आहे.

आज शाळेत काय आहे

आजची चौकट तशी रिकामी नाही. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा आणि निबंध असे प्रकार त्यात येतात. हेतू चांगला आहे. पण परीक्षेचा ओढा इतका की सहावी-सातवीपासूनच प्रकार म्हणजे आराखडा होऊन बसतो. पत्रात मायना कुठे, दिनांक कुठे, विषय कुठल्या ओळीवर, याला गुण असतात म्हणून तेवढंच पाठ होतं. पत्र कधी पेटीत पडत नाही. बातमी कुणी वाचत नाही. जाहिरातीतलं दुकान कुठल्याच पेठेत नसतं. शिष्यवृत्ती परीक्षा तर बहुपर्यायी. तिथे गोल काळा केला की काम झालं, मुलाला स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागत नाही.

याच व्यवस्थेत मोकळी जागाही आहे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्या योजनेत सहावीचे निम्मे आणि सातवी-आठवीचे चाळीस टक्के गुण आकारिक मूल्यमापनाचे ठेवले होते. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी त्याची साधनं. म्हणजे मुलानं घेतलेली मुलाखत, वर्गानं काढलेलं भित्तिपत्रक, आठवडाभराची निरीक्षणवही, हे सगळं नियमात बसतं. ते वापरायचं धाडस तेवढं हवं.

२०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं घालण्यात आली आणि पुढे तो निर्णय मागेही घेतला गेला. त्या प्रयोगाचे गुणदोष अनेकांनी मांडले. मला त्यातून एक गोष्ट दिसते: कोरं पान दिल्यानं कुणी लिहायला लागत नाही. त्या पानावर काय उतरलं हे विचारणारा माणूस लागतो.

वाचनाची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे. मुलांसाठीचं 'बालबोधमेवा' १८७२ मध्ये सुरू झालं. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं. बालभारतीनं १४ नोव्हेंबर १९७१ रोजी 'किशोर' काढलं आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं ग्रंथालय आहे. कुठलाही प्रकार लिहायला देण्याआधी त्या प्रकारातलं चांगलं तीन-चार वेळा वाचून दाखवावं. पत्र लिहायच्या आधी साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' ऐकलेली असली, की मायना फळ्यावर समजावून सांगावा लागत नाही.

प्रकार आणि त्यांचे वाचक

आता एकेका प्रकाराकडे येऊ. सुरुवात निरीक्षणवहीपासून करावी, कारण तिथे कल्पनेची सक्ती नाही आणि चूक व्हायची भीतीही कमी. सोलापूरला तर या प्रकारातला फार मोठा माणूस लाभला. मारुती चितमपल्ली १९३२ मध्ये इथे जन्मले, वन खात्यात आयुष्य घालवलं, २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या जूनमध्ये याच गावात त्यांनी देह ठेवला. पक्षी, झाडं, आदिवासींच्या तोंडची नावं यांच्या नोंदी करत त्यांनी मराठीला शब्दांचं रान दिलं. त्यांच्या लेखनाचं मूळ बघण्यात आणि लगेच टिपून ठेवण्यात होतं.

सातवीतल्या मुलाला सांगावं: एक झाड निवड, एकच. महिनाभर रोज पाच ओळी. तारीख, वेळ, काय दिसलं. 'सुंदर' हा शब्द वापरायचा नाही. पहिले चार दिवस मूल कंटाळतं. मग त्याला पानाच्या मागच्या बाजूची मुंग्यांची रांग दिसते, दुपारी बारा वाजता सावली कुठवर येते हे कळतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य शहरापासून जवळ आहे. एखादी सहल तिकडे नेली, तर माळरान म्हणजे ओसाड जमीन हा समज मुलं स्वतःच्या नोंदींनी खोडून काढतील. या वहीचा वाचक कोण? पुढच्या वर्षी त्याच वर्गात येणारी मुलं. वही त्यांच्या हाती द्यायची आणि त्यांनी त्याच झाडाची नोंद पुढे चालवायची. दहा वर्षांनी शाळेकडे त्या झाडाची बखर तयार होते.

रोजनिशी याच्या शेजारची, पण स्वभावानं वेगळी. तिचा वाचक लिहिणारा स्वतःच. म्हणून ती तपासायची नाही, मागायची नाही, चोरून तर मुळीच वाचायची नाही. या वयात मुलाला स्वतःशी बोलायला जागा लागते. ती आपण जपली, तर बाकीचं तो आपणहून दाखवतो.

पत्र हा प्रकार आज सगळ्यात निर्जीव झाला आहे आणि सगळ्यात सहज जिवंत होण्यासारखा आहे. सोलापुरातल्या कितीतरी विणकर घरांचे नातेवाईक भिवंडीला किंवा तेलंगणात आहेत. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळतं. वर्गातल्या प्रत्येकानं एका नातेवाइकाला कार्ड लिहायचं, स्वतः पेटीत टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. कार्डावर जागा मोजकी म्हणून नेमकं काय सांगायचं हे ठरवावं लागतं. सारांशलेखन ते हेच. औपचारिक पत्राचंही तसंच. या शहरात वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येत आलं आहे. आपल्या गल्लीत पाणी कधी येतं, किती वेळ येतं याची आठवडाभर नोंद करून मुलांनी महापालिकेला अर्ज लिहावा. विषय, संदर्भ, मागणी हे सगळं अर्जात का लागतं ते तेव्हा कळतं. कारण वाचणारा अधिकारी घाईत असतो आणि त्याला एका दृष्टिक्षेपात मुद्दा समजायला हवा.

कृती सांगणारं लेखन शाळेत फारसं दिसत नाही, पण विचार स्वच्छ करायला त्यासारखा व्यायाम नाही. आजीला शेंगाचटणी करताना बघायचं आणि ती कृती अशी लिहायची की दुसऱ्याला ती वाचून करता यावी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, हे लिहिणं सोपं. पण आजी म्हणते 'अंदाजानं घाल'. अंदाज किती? चमचाभर की मूठभर? तेल सुटेपर्यंत कुटायचं म्हणजे किती वेळ? मूल आजीला विचारतं, आजी पहिल्यांदाच त्यावर विचार करते. मग ती कृती शेजारच्या घरी द्यायची. चटणी बिघडली तर वाक्य बिघडलं असं समजायचं. लेखनाची एवढी सरळ परीक्षा दुसरीकडे मिळत नाही.

माणूस कागदावर आणणं

व्यक्तिचित्र आणि मुलाखत हे प्रकार मला या वयासाठी सर्वांत मोलाचे वाटतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आली. माणदेशाचा एक भाग आपल्याच जिल्ह्यात, सांगोल्याकडे येतो. शेळ्या राखणारी, दुष्काळानं पिचलेली साधी माणसं साहित्यात मानानं बसू शकतात, हे त्या पुस्तकानं मराठीला दाखवलं. सोलापूरच्या मुलांच्या घरातच अशी माणसं आहेत. इथल्या हजारो बायका विड्या वळतात. तेंदूचं पान भिजवून कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या मुलाला हे रोज दिसतं, पण निबंधात तो 'माझी आई मला खूप आवडते, ती मला खाऊ देते' एवढंच लिहितो.

त्याला प्रश्न तयार करायला शिकवावं. 'तुम्हाला कसं वाटतं?' या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देत नाही. 'पहिल्या दिवशी किती विड्या झाल्या होत्या?', 'बोटांना काय होतं?', 'सुपात काय काय ठेवता?' असे प्रश्न विचारले की गोष्टी बाहेर येतात. यंत्रमागावरच्या आजोबांना 'मागाचा आवाज बंद झाला की झोप लागते का?' असं विचारलं तर ते अर्धा तास बोलतील. ताणा, बाणा, कांडी, पाळी, भोंगा हे शब्द मुलाच्या वहीत पहिल्यांदाच शिरतील. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ही माहिती पुस्तकात असते. ती चादर विणणारे हात कसे असतात, हे नातवाखेरीज कोण लिहिणार? यात एक शिस्त मात्र पाळायची: लिहून झालं की ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवायचं आणि त्यानं 'हे नको' म्हटलं तर खोडायचं. तो पहिला वाचक, आणि त्याचा मान मोठा.

बातमीला सोलापुरात विषयांचा तोटा नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. हजारो डोळे ते बघतात, पण बातमीदाराला काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसं या सहा ककारांची उत्तरं द्यावी लागतात. मुलांनी यात्रेतल्या एकाच कोपऱ्याची बातमी आणावी: पाळणेवाल्याची, हरवलेल्या मुलांच्या मंडपाची, खेळणी विकणाऱ्याच्या कमाईची. 'प्रचंड उत्साह' हे शब्द टाळून बातमी लिहायची अट घातली, की मुलं माणसं मोजायला लागतात.

माहितीपर लेखनासाठी चौकातले चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १९३० मध्ये इंग्रजांनी या गावात मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं गेलं. मुलं रोज त्या चौकातून जातात. बाहेरगावच्या पाहुण्याला उभ्या उभ्या वाचता येईल असा शंभर शब्दांचा फलक त्यांनी लिहावा. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवताना इतिहास त्यांचा होतो.

गोष्ट लिहायच्या आधी सांगावी. द. मा. मिरासदार १९२७ मध्ये अकलूजला जन्मले, पंढरपुरात वाढले आणि पुढे माडगूळकर व शंकर पाटील यांच्यासोबत त्यांनी कथाकथनानं महाराष्ट्र हसवला. त्यांच्या कथेची गंमत सांगणाऱ्याच्या आवाजातून येते. मुलानं गोष्ट आधी वर्गाला तोंडी सांगितली की कुठे मुलं पुढे सरकली आणि कुठे चुळबुळली हे त्याला दिसतं. लिहिताना तेवढा भाग तो आपोआप छाटतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे सातवीच्या मुलांनी दुसरीच्या मुलांसाठी गोष्टी लिहायच्या आणि त्यांच्या वर्गात जाऊन वाचायच्या. दुसरीतलं मूल खोटं कौतुक करत नाही.

कवितेची भीती घालवायला या जिल्ह्यासारखी भूमी नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी कन्नडमध्ये वचनं रचली. मंगळवेढ्याचे चोखोबा आणि पंढरपूरची जनाबाई यांनी घरकामाच्या, दुःखाच्या, रागाच्या गोष्टी अभंगात आणल्या. वचन असो वा अभंग, शेवटी कवी आपली मुद्रा ठेवतो. मुलांना एवढंच सांगावं: आजच्या दिवसातली एक गोष्ट, चार ते सहा ओळी, यमक जुळलं तर ठीक, आणि शेवटच्या ओळीत तुझं नाव. आपलं नाव ओळीत गुंफायचं म्हटलं की मूल उसनं लिहीत नाही.

संवाद आणि नाट्यछटा मुलांना उपजतच जमतात. तिथे कान उघडे ठेवायला शिकवणं पुरेसं आहे. मतप्रदर्शनाचं मात्र नीट बघायला हवं. 'मोबाइल शाप की वरदान' या विषयाला उत्तर आधीच ठरलेलं असतं. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेसाठी पाडली गेली, तेव्हा या शहरात घराघरांत दोन मतं होती. एकाकडे शेतकऱ्याचा ऊस होता, दुसऱ्याकडे नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुलं. अशा विषयावर मुलानं आधी आपल्याला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडायची, मग स्वतःची. हा निबंध घरात वाचला गेला तर जेवणाच्या ताटावर चर्चा होईल, आणि तेच त्याचं यश.

चार भाषांचं गाव

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. मराठी शाळेत बसलेल्या कितीतरी मुलांची घरची भाषा वेगळी असते. अशा मुलाचं लेखन 'अशुद्ध' म्हणून बाजूला पडतं आणि तो लिहायचं टाळू लागतो. त्याच्याकडे काय आहे हे आपण बघत नाही. तेलुगूत आईच्या आईला 'अम्मम्मा' आणि वडिलांच्या आईला 'नानम्मा' म्हणतात. मराठीत दोघींनाही 'आजी'. त्या मुलाला 'माझी आजी' लिहायला सांगताना आपण त्याच्या एका आजीला दुसरीत मिसळून टाकतो. त्यानं 'नानम्मा' असंच देवनागरीत लिहावं आणि वाचणाऱ्यासाठी एका ओळीत अर्थ सांगावा. मराठीचं यात काही बिघडत नाही. चितमपल्लींच्या घरची भाषा तेलुगूच होती आणि मराठी त्यांच्यामुळे अधिक श्रीमंत झाली. वर्गाच्या भिंतीवर 'घरचे शब्द' असा कागद लावावा. संवादलेखनात 'काय बे' लिहायची मुभा द्यावी, अर्जात ते का चालत नाही यावर मुलांशीच बोलावं. कोणत्या वाचकासाठी कोणती भाषा, हा भाषेचा सगळ्यात मोठा धडा या गावात रस्त्यावर मिळतो.

इतरांनी काय करून पाहिलं

हा विचार नवा नाही. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यानं वर्गात फार बोलू शकत नसत. १९२४ मध्ये त्यांनी खेड्यातल्या शाळेत छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपले अनुभव लिहीत, एकत्र बसून दुरुस्त करत, खिळे जुळवून छापत आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवत. तिकडून त्यांचे मजकूर येत. खिळे जुळवताना शुद्धलेखन आपोआप काटेकोर झालं, कारण छापलेलं परक्या मुलांच्या हाती जायचं होतं.

इटलीतल्या बार्बियाना या डोंगरगावात धर्मगुरू मिलानी यांच्या शाळेतल्या आठ मुलांनी नापास करणाऱ्या व्यवस्थेला पत्र लिहिलं. ते १९६७ मध्ये पुस्तक म्हणून निघालं आणि मराठीत 'प्रिय बाई' या नावानं आलं. प्रत्येक विचार वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, क्रम लावायचा, एकेक जास्तीचा शब्द काढायचा, ही त्यांची पद्धत आपल्या कुठल्याही वर्गात उद्यापासून चालवता येईल. जपानमध्ये डोंगरी भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांनी आपल्या घरच्या गरिबीवर लिहिलेले लेख १९५१ मध्ये 'यामाबिको गाक्को' या पुस्तकात आले आणि अख्ख्या देशानं ते वाचले.

आणि आपल्याकडे? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दिवसभर शिकवून रात्री हातानं अंक लिहून सकाळी तो मुलांपुढे ठेवणारा शिक्षक मराठीनं पाहिला आहे. हेच गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले. लिहिणं आणि जगणं त्यांच्यासाठी वेगळं नव्हतं. अलीकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा एक भाग वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना पडद्यावरून एकमेकांशी जोडण्याचा होता. फ्रेनेंनी टपालानं साधलं ते आज इंटरनेटनं साधता येतं. दूरचा वाचक मिळाला की जवळचं नीट सांगावं लागतं.

मोठ्यांचं काम

या सगळ्यात शिक्षक आणि आईवडिलांनी काय करायचं? पहिलं वाचन मजकुरासाठी करायचं, पेन हातात न घेता. समासात शेरा लिहिण्याऐवजी एक प्रश्न लिहायचा: 'मग काका काय म्हणाले?', 'तो वास कसा होता?' मूल उत्तर देण्यासाठी पुन्हा लिहितं आणि कच्च्या खर्ड्याचा पक्का खर्डा होतो. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे अठरा नियम आहेत. ते मोठ्यांनाही सगळे पेलत नाहीत. एका वेळी एक नियम घ्यावा, त्याच चुका दाखवाव्यात, बाकीच्या सोडाव्यात. सगळं पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी छोटी, सुरक्षित वाक्यं लिहितं, आणि आपल्याला वाटतं सुधारणा झाली.

घरी 'छान आहे' एवढं म्हणणं पुरत नाही. 'तू लिहिलंस तेव्हा मला आजीचे हात दिसले', असं ऐकलं की मुलाला कळतं कोणतं वाक्य लागलं. मुलाचं वाक्य आपण बदलून लिहू नये. ते आपलं होतं, त्याचं राहत नाही.

एका वर्गात पन्नास-साठ मुलं, शिक्षकांवर शाळेबाहेरच्या कामांचं ओझं. इतकं सगळं वाचणार कोण, हा आक्षेप खरा आहे. वाचक फक्त शिक्षकच असेल तर हे अशक्यच आहे. म्हणून वाचक वाटून द्यायचे. पत्र नातेवाईक वाचेल, गोष्ट दुसरीचा वर्ग, चटणीची कृती शेजारीण, भित्तिपत्रक मधल्या सुट्टीत अख्खी शाळा. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाचा एक लेख घालून हस्तलिखित अंक काढावा: संपादक मुलंच, अनुक्रमणिका मुलांची, शिलाई मुलांची. शिक्षकाच्या वाट्याला दर आठवड्याला आठ-दहा वह्या आल्या तरी पुरे, पण त्या मनापासून वाचलेल्या असाव्यात.

आता मोबाइलवर विषय टाकला की क्षणात निबंध हजर होतो. त्याची मला काळजी वाटते, पण गाइडही हेच करत होतं. ज्या लेखनाला वाचक नाही ते उसनं आणायला कुणालाच लाज वाटत नाही. नानम्माच्या बोटांबद्दल मुलानं नानम्मालाच वाचून दाखवायचं असेल, तर ते यंत्राकडून आणता येत नाही. पहिल्याच ओळीला ती म्हणेल, 'असं कुठे होतं रे?'

यंदा हस्ताची पहिली सर येईल त्या दिवशी वर्गात निबंध सांगू नये. खिडक्या उघडाव्यात आणि प्रत्येकाला एक पोस्टकार्ड द्यावं. भिवंडीच्या भावाला, जिथे पाऊस चार महिने थांबत नाही, त्याला कळवायचं की आमच्याकडे आज पाऊस आला. तो कसा आला, हे त्याला माहीत नाही. ते आपल्याला सांगायचं आहे.